आधी कोण?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. १०८ लावला, गाडी आली, आतल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. तो बरा होता. म्हणूनच हॉस्पिटलात पोचल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "काकांना बसवा, जास्त सिरीयस पेशंट आहेत."

ऑफिसात मी प्रायॉरिटी क्यू लिहितो. आधी आला तो आधी नाही, तातडीचं ते आधी. कोडमध्ये हे फार सोपं असतं.

माणसांची अशी रांग रणांगणावर लागली. पूर्वी बहुतेक जखमी लढाई थांबेपर्यंत तिथेच पडून असत. फ्रेंच सर्जन डॉमिनिक लारे, पुढे नेपोलियनच्या सैन्यात गाजलेला, यानं १७९०च्या दशकात हलक्या घोडागाड्या बनवल्या. लढाई चालू असतानाच जखमींना उचलून आणणाऱ्या, 'उडत्या ॲम्ब्युलन्स'. आणि नियम केला : हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची. शिपाई जास्त जखमी असेल तर अधिकारी थांबेल. शत्रूच्या जखमींनाही तोच न्याय.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी मामाला फोन केला, त्याची तिथे ओळख आहे. पाच मिनिटांत बाबा आत.

बाकावर एक मुलगा बसला होता. हाताला आईची ओढणी गुंडाळलेली, लाल होत चाललेली. त्याची आई माझ्याकडे बघत होती, काही बोलली नाही.

बाबांना ॲसिडिटी निघाली.

रिक्षात बाबांनी विचारलं, "तो पोरगा गेला का रे आत?"

"हो," मी म्हटलं. मी बघितलंच नव्हतं.