बस यायच्या आत

बँकेचं पत्र इंग्रजीत आलं. माझ्या निवृत्तीच्या तारखेपर्यंत घरकर्ज पूर्ण फिटलेलं असेल, एवढाच त्यातला मजकूर. बायकोने देवापुढे साखर ठेवली. मी मात्र 'यू विल हॅव रीपेड' या चार शब्दांपाशीच अडकून बसलो. विल, त्याला लागून हॅव, आणि मग क्रियापदाचं तिसरं रूप. हा काळ इतक्या वर्षांनी टपालाने घरी आला आणि त्याच्यामागोमाग खडूचा वास आला, पावसात भिजून अंगावरच वाळलेल्या गणवेशांचा वास आला, आणि एक वाक्य आलं. ते मात्र कधी गेलंच नव्हतं.

'बिफोर द बस कम्स, आय शॅल हॅव रीच्ड होम.'

वाक्य माझं नाही. नववीच्या सहामाहीत आमच्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलं होतं. पूर्ण भविष्यकाळाचा उपयोग करून स्वतःचं एक वाक्य लिहा, असा प्रश्न होता. आम्ही बहुतेकांनी स्वतःचं म्हणून फळ्यावरचंच उतरवलं. तिने खरंच स्वतःचं लिहिलं. सरांनी लाल शाईने अधोरेखित केलं आणि समोर शून्य काढलं.

शाळा धानोऱ्याकडची. गडचिरोली हा जिल्हा तेव्हा नव्हता. सगळा मुलूख चंद्रपुरातच होता आणि म्हातारी माणसं त्यालाही चांदाच म्हणत. इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी यायला 2000 साल उजाडावं लागलं. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी गोंडी, शाळेत मराठी, ती पुस्तकातली, आणि त्यावर हे तिसरं. आमच्यासारख्यांच्या घरची झाडीबोलीही पुस्तकाला चालत नसे. तिच्यात ण नाही, ळ नाही, आणि पुस्तक तर या दोन अक्षरांनी भरलेलं. तेव्हा इंग्रजी आम्हा सगळ्यांना सारखंच परकं होतं. हा त्याचा एक मोठाच गुण. गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन आम्ही पाढ्यांच्या चालीवर म्हणायचो आणि पावकी-निमकीपेक्षा लवकर पाठ करायचो. काळ बारा आहेत हे कळलं तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "महिन्याला एक पुरते."

पूर्ण भविष्यकाळ पार शेवटी यायचा. सर साताऱ्याकडचे. आमच्या भागातली नेमणूक ही शिक्षा समजली जाई, अजूनही समजतात, आणि सर दरवर्षी आंतरजिल्हा बदलीचा अर्ज करत. हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला फक्त त्यांचं फळ्यावरचं उदाहरण माहीत होतं: 'बाय नेक्स्ट जून, आय शॅल हॅव लेफ्ट धिस प्लेस.' आय आणि वीला शॅल, बाकीच्यांना विल, हे ते पट्टी आपटून सांगायचे. अख्खा वर्ग मान खाली घालून लिहायचा, की येत्या जूनपर्यंत आपण हे गाव सोडून गेलेलो असू. दरवर्षीच्या नववीने हे लिहिलं असणार.

या काळाचा तपास मी पुढे बराच केला. नोकरीत वेळ असतो. लिंडले मरे नावाच्या गृहस्थाचं इंग्रजी व्याकरण 1795 साली निघालं. जन्माने अमेरिकन, राहायला इंग्लंडातल्या यॉर्कला. त्याने याला दुसरा भविष्यकाळ म्हटलं आहे, आणि त्याचं उदाहरण दुपारी एकपर्यंत जेवण आटोपलेलं असण्याचं आहे. आम्ही ज्या पुस्तकातून शिकलो त्या रेन आणि मार्टिन जोडीतले रेन तर आपल्याच मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे त्यांनी 'बो जेस्ट' ही वाळवंटातल्या फ्रेंच फॉरेन लीजनच्या शिपायांची कादंबरी लिहिली, 1924 साली, आणि ती इतकी खपली की व्याकरणवाले रेन आणि कादंबरीवाले रेन एकच, हे आता सांगावं लागतं. कराचीच्या हायस्कुलात हेडमास्तरकी केलेल्या माणसाने वाळूतल्या किल्ल्यांवर मेलेल्या शिपायांची गोष्ट लिहावी, आणि त्याच माणसाच्या नावाने धानोऱ्याच्या पोरांनी शॅल आणि विल घोकावं! याचा माझ्या विषयाशी तसा संबंध नाही. पण वाचलं तेव्हापासून मला रेन यांच्याविषयी थोडी आपुलकी वाटते. त्यांनी त्या मुलीचं वाक्य वाचलं असतं तर मार्क दिले असते, असंही वाटतं. कादंबरीकार होते.

कारण त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. आयला शॅल होतं. बिफोरपुढे साधा वर्तमान होता. तिथे आम्ही सगळे विल घालून मार खायचो. रीचचं तिसरं रूप बरोबर. रीचपुढे टू लावलेलं नव्हतं. सरांचा आक्षेप अर्थाला होता. पेपर वाटताना त्यांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "बस आधी पोहोचेल की तुझे पाय?"

वर्ग हसला. ती उभी राहून म्हणाली, "बस येतच नाही ना जी."

"मग वाक्यात कशाला आणलीस?"

यावर तिने उत्तर दिलं नाही. पेपर चौघडी करून दप्तरात ठेवला.

तिचं गाव डांबरी रस्त्यापासून आत होतं. मध्ये नाला. शाळेच्या गावाला एक मुक्कामी बस संध्याकाळी यायची, ती पुढे तिच्या फाट्यापर्यंत जाणार असं वेळापत्रकात होतं. पावसाळ्यात नाल्याला पाणी, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या गाड्यांनी रस्ता उखडलेला, एरवी डिझेल नाही. पोरं फाट्यावर उभी राहून वाट बघायची. ती उभी राहायची नाही. चपला हातात घेऊन चालू लागायची.

मराठी पोराला हा काळ अवघड का जातो, याचं एक कारण आपल्या 'असेल'मध्ये आहे. आपण 'बस गेली असेल' म्हणतो तेव्हा बस उद्या गेलेली असण्याबद्दल बोलत नसतो. आत्ता उठायचा कंटाळा आलेला असतो. आपला तो अंदाजाचा काळ आहे. इंग्रजीतला एरवी तसा नाही. तिथे माणूस पुढे जाऊन उभा राहतो आणि मागे वळून बघतो, आणि काम झालेलं दिसतं. म्हणून तो वापरायला अंगात खात्री लागते, नाहीतर सत्ता तरी लागते.

सत्तेचं मी नोकरीत पाहिलं. मी ज्या कचेरीत कारकुनी केली तिथे जानेवारी उजाडला की आम्ही सगळे या काळात बोलायला लागायचो. 31 मार्चपूर्वी काम पूर्ण झालेलं असेल. निधी खर्च झालेला असेल. मजकूर मराठीतच असायचा, पण त्यातला 'असेल' अंदाजाचा नव्हता. साहेबांची सही असलेला होता. असं पत्र टाईप करताना मला बरेचदा फाटा दिसायचा.

मोठ्या कामांचा भविष्यकाळ तर आणखी मोठा. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन धरणं व्हायची होती. धरणं उभी राहतील तेव्हा कोणतं जंगल गेलेलं असेल, कोणती माडिया गावं पाण्याखाली असतील, हे कागदावर आधीच झालं होतं. माणसं अजून त्या गावांत मोह वेचत होती आणि कागदावर बुडालेली होती. 1984 साली बाबा आमट्यांच्या पुढाकाराने त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. ती धरणं झाली नाहीत. ज्या गावांचं 'बुडालेली असतील' ठरलं होतं ती कोरडी राहिली. सिरोंच्याकडे मात्र पुढे वेगळंच झालं. तेलंगणाचा मेडीगड्डा बॅरेज गोदावरीवर 2019 मध्ये सुरू झाला, 85 दरवाजांचा, आणि अलीकडच्या काठावरच्या शेतांत पाणी येतं म्हणून शेतकरी ओरडत असतानाच ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे काही खांब खचले. खचण्याचा काळ कोणी आधी लिहून ठेवला नव्हता.

रेल्वेचं तर बोलायलाच नको. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणजे वडसा. तिथून गडचिरोलीपर्यंतचा मार्ग जेमतेम 52 किलोमीटरचा. तो पुढच्या अमुक सालापर्यंत पूर्ण झालेला असेल हे वाक्य मी इतक्या सालांच्या बाबतीत वाचलंय की ते साल कोरं ठेवून छापलं तरी चालेल. काम चालू आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात तेव्हा वडशाला नाटक कंपन्यांचे बोर्ड लागतात. रात्रभर नाटक, पहाटे बैठक मोडली की प्रेक्षक बसने, ट्रॅक्टरने, पायी घरी. रेल्वेची वाट बघून कोणी नाटक चुकवलेलं नाही.

आणि मग 2025 सालच्या 1 जानेवारीला एटापल्ली तालुक्यात गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या 32 किलोमीटरच्या रस्त्यावर एसटी धावली. मुख्यमंत्री स्वतः आले होते, बसमध्ये बसलेही. स्वातंत्र्यानंतर 77 वर्षांनी पहिली बस, असं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. मी ती बातमी परत परत वाचली. मला रस्त्याचा आनंद झाला नाही असं नाही. बाळंतपणाला अडलेली बाई खाटेवरून नेण्याचे दिवस ज्याने पाहिलेत तो रस्त्याला नावं ठेवणार नाही. पण माझं लक्ष बसवर नव्हतंच. ही बस यायच्या आत त्या गावांतल्या तीन पिढ्या पायी घरी पोहोचल्या होत्या. बाजाराला जाऊन, तेंदूच्या फळीवर पुडके मोजून देऊन, दवाखान्यातून, कोर्टाच्या तारखेवरून. पोहोचून, जेवून, म्हाताऱ्या होऊन, गेल्या होत्या. सहामाहीच्या पेपरातलं एक वाक्य इतकं खरं होण्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. आणि त्याला शून्य.

भविष्य पक्कं लिहून ठेवण्याची कथा आमच्याकडे तशी जुनी आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर मार्कंडा आहे. नदी तिथे उत्तरेकडे वळते, देवळांवरची शिल्पं बघायला लांबून लोक येतात, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. ज्याच्या नावाचं हे ठिकाण, त्या मार्कंडेयाचं आयुष्य जन्माआधीच सोळा वर्षांचं ठरलेलं. यम वेळेवर येतोही. अशा बाबतीत तो एसटीसारखा नाही. पण पोरगं पिंडीला मिठी मारून बसतं आणि ठरलेलं टळतं. लहानपणी जत्रेत ही गोष्ट ऐकताना मला नेहमी यमाची कीव यायची. एवढ्या लांबून आला, आणि कागद खोटा ठरला.

ती मुलगी दहावीत आमच्याबरोबर नव्हती. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, शाळेत पेढे वाटले, तेव्हा तिचा बाक रिकामा होता. कोणी म्हणालं लग्न झालं, कोणी म्हणालं बाप आजारी. नंतर कुणी विचारलं नाही.

सरांची गाठ मागच्या रोवण्यात पडली. ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात राहतात हे ऐकून होतो; त्या बाजूला एका लग्नाला गेलो आणि वाट वाकडी करून पोहोचलो. ऐंशीच्या पुढचे असतील. घरासमोर बोडी, म्हणजे लहानसं तळं, बोडीखाली बांध्या, बांध्यांत बायका वाकून धान रोवत होत्या. चहा झाला, कोण कुठे आहे ते झालं. बदलीचं मी विचारलं. सर हसले. हुकूम आला होता म्हणाले. पण तो येईपर्यंत त्यांनी ही जमीन घेतली होती, मुली इथल्या शाळेत रमल्या होत्या, आणि बायकोने साताऱ्याला जायला साफ नकार दिला होता. चांद्याला खेपा घालून त्यांनी तो हुकूम रद्द करून आणला. बदली रद्द करायला आलेला माणूस बघून तिथले कारकून चकित झाले होते, हे सांगताना त्यांना अजून हसू आवरत नव्हतं.

मग मी ते वाक्य म्हटलं. मनात इतकी वर्षं भांडण तयार होतं. वाटलं, आता निदान अर्धा मार्क तरी मिळवावा. त्यांना वाक्य आठवलं नाही. मुलगीही आठवली नाही. त्यांनी डोळे मिटून ते एकदा पुटपुटलं, शॅल तपासला, बिफोर तपासला.

"व्याकरण बरोबर आहे."

"मग?"

"बस यायच्या आत घरी पोहोचते, तर ती बसची माणूसच नव्हे. तिने वाक्यात बस आणायला नको होती. अर्थाला शून्य."

मी काही बोलणार तेवढ्यात बांधावरून एका बाईने हाक मारली. सातारचे सर पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून उठले, "आलो जी, काहून, पऱ्हे कमी पडले का?" म्हणत बांधीकडे निघाले. पेपरचा विषय तिथेच राहिला.