प्रवासातील शेगडी : सोलापूर ते कचनेर

सोलापूरच्या व्यापारी घरातून यात्रेला निघायचे म्हणजे अर्धे स्वयंपाकघर बरोबर न्यायचे. कडक भाकरी, लसणाविना केलेली शेंगांची चटणी, खाकऱ्यांचे डबे, पाणी गाळण्याचे गाळणे हे सर्व आधी गाडीत चढते आणि माणसे मागाहून. तीर्थक्षेत्री भोजनशाळा असतात. परंतु वाटेवरचे ढाबे आपल्या नियमांत बसत नाहीत. त्यातून माझ्या सासूबाईंना घरच्या हातचेच अन्न लागते आणि सूर्यास्तानंतर त्या पाणीही घेत नाहीत. म्हणून गेल्या मार्गशीर्षात कुंथलगिरी आणि कचनेर अशी यात्रा ठरली, तेव्हा धाकट्या भाऊजींनी भाड्याच्या मोठ्या गाडीत मागील बाजूस दोन बर्नरची शेगडी आणि पाच किलोचा लहान सिलिंडर ठेवून घेतला. "वहिनी, आता स्वयंपाकघरच आपल्याबरोबर चालणार," असे ते मोठ्या कौतुकाने म्हणाले.

पहाटे चाटी गल्लीतून निघालो. तुळजापूरचा घाट चढून धाराशिव मागे टाकले. येरमाळ्याच्या पुढे, शोभेच्या दारूकामासाठी प्रसिद्ध असलेल्या तेरखेड्यात फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या दिसू लागल्या. त्या गावापासून पुरेसे दूर गेल्यावर एका चिंचेखाली गाडी थांबवली आणि मुलांसाठी दूध तापत ठेवले. एक बर्नर निळा पेटला. दुसऱ्याची ज्योत मात्र पिवळी, लांब आणि डोलणारी निघाली. पातेल्याचा तळ पाहता पाहता काळा झाला.

"बंद कर आधी. न पाहता पेटवले ना?" सासूबाई म्हणाल्या.

शेगडी गार होऊ दिली आणि बर्नर उचलून पाहिला. शेगडी पावसाळाभर माळ्यावर पडून होती. बर्नरच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले होते. सासूबाईंनी ते उजेडात धरून निरखले. घराला बारीक भोक पडलेले होते. आतला जीव केव्हाच उडून गेला होता. तेव्हा कुठे त्यांनी मऊ कुंचल्याने ती माती काढली.

पिवळ्या ज्योतीचे कारण त्या मातीत होते. सिलिंडरमधील गॅस रेग्युलेटरमधून अगदी कमी दाबाने शेगडीकडे येतो आणि जेटच्या सुईएवढ्या छिद्रातून वेगाने बाहेर पडतो. त्या वेगामुळे तो नळीच्या तोंडाशी असलेल्या फटीतून बाहेरची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. हवा पुरेशी मिसळली तर ज्योत निळी व आखूड राहते. वाट कोळ्याच्या जाळ्याने, मातीने वा उतू गेलेल्या दुधाने अडली, तर गॅस अर्धवट जळतो, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग ना वास. घरच्या ओट्यावर हा दोष फार तर भांडी काळी करतो, कारण खिडकी उघडी असते. बंद गाडीत तो जीवावर बेतू शकतो. गाडीच्या धक्क्यांनी बर्नरची वरची टोपी तिरकी बसली तरी ज्योत एका बाजूने पिवळी होते. ती उचलून खाचेत नीट बसवली की पुरते. जेटचे छिद्र मात्र पिन वा तार घालून साफ करू नये. छिद्र मोठे झाले तर गॅस अधिक येतो आणि दोष वाढतो. ते काम शेगडी दुरुस्त करणाऱ्याचेच.

सरमकुंडी फाट्यावरून कुंथलगिरीला पोचलो. देशभूषण आणि कुलभूषण मुनींची ही निर्वाणभूमी. टेकडीवरची पांढरी शिखरे दुरूनच दिसतात. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली येथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. दर्शन झाले, मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी कचनेरच्या वाटेला लागलो.

मार्गशीर्षातला दिवस फार लहान. बीड आणि गेवराई ओलांडून शहागडजवळ गोदावरीच्या पुलापाशी आलो, तेव्हा सूर्य मावळायला अर्धा-पाऊण तास उरला होता. अंथऊ वेळेत व्हायला हवे म्हणून रस्त्याच्या कडेला, मोकळ्या जागी घाईने शेगडी मांडली. नदीवरून वारा सुटला होता. ज्योत दोनदा विझली. भाऊजींनी शेगडी आणि सिलिंडर उचलून गाडीत ठेवले आणि वारा लागू नये म्हणून दार व काचा लावून घेतल्या. खिचडी शिजत ठेवून मी डबे उघडण्यात गुंतले. भाऊजी काही काढण्यासाठी दार उघडून खाली उतरले, तेवढ्यात आलेल्या झोताने ज्योत पुन्हा विझली असावी. कोणाच्या लक्षात आले नाही.

खाली तळाशी बसून खेळणारी माझी सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, इथे वास येतोय." मला उभ्याने काहीच येत नव्हता. हा गॅस हवेहून जड असतो. तो पाण्यासारखा खाली उतरून तळाशी साचतो. मुळात त्याला वास नसतो. गळती कळावी म्हणून एक उग्र दर्प त्यात मिसळलेला असतो. घरात तो दाराच्या फटीतून बाहेर पडू शकतो, पण गाडीचा तळ म्हणजे काठ असलेली परातच. हवेत त्याचे प्रमाण शंभरात दोन भाग झाले तरी एक ठिणगी पुरते.

अंधारून आले म्हणून चालकाने आतला दिवा लावण्यासाठी हात पुढे केला.

"थांबा! कशालाही हात लावू नका!" सासूबाईंचा एवढा चढा आवाज मी प्रथमच ऐकला. त्यांनी स्वतः शेगडीची बटणे फिरवली, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, मुलांना बाहेर काढले आणि दोन्ही बाजूंची दारे सताड उघडायला लावली. दिवा लावायचा नाही की विझवायचा नाही, मोबाइल नाही, इंजिन नाही. आम्ही सर्व वाऱ्याच्या दिशेला, गाडीपासून लांब उभे राहिलो. मुलांच्या हाती राजगिऱ्याचे लाडू दिले. गोदावरीच्या पात्रावर सूर्य मावळला. खिचडी अर्धी कच्ची राहिली.

भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "आई, माझ्यामुळे तुमचे अंथऊ राहिले."

"एक वेळचे अंथऊ राहिले, माणसे राहिली," त्या म्हणाल्या. "नियम जीव सांभाळायला असतो. त्याची घाई करून जीवच गेला, तर नियम कसला पाळला?"

त्या रात्री कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांच्या क्षेत्रात पोचल्यावरही मला बराच वेळ झोप आली नाही. मदुराईची आठवण येत होती. २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे तेथील स्थानकाजवळ उभ्या असलेल्या, उत्तर प्रदेशातून आलेल्या यात्रेकरूंच्या खास डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. रेल्वेत सिलिंडर नेण्यास सक्त मनाई आहे. तीही यात्रेला निघालेली, घरच्यासारखे खाऊ पाहणारी माणसेच होती.

सकाळी शेगडी मोकळ्या जागेत आणून साबणाचे पाणी जोडांवर लावले. गळती शोधायला काडी कधीही पेटवू नये. नळीच्या एका टोकाला बारीक बुडबुडे आले. दोन दिवसांच्या धक्क्यांनी पकड सैल झाली होती. म्हणजे ज्योत विझली नसती तरी धोका होताच. ती नळी आम्ही पुन्हा वापरली नाही. उरलेल्या यात्रेत सासूबाईंसाठी खाकरे, दूध आणि फळे एवढ्यावर भागवले.

आता आमच्या घरी काही गोष्टी ठरल्या आहेत. गाडीत स्वयंपाक करायचा नाही. शेगडी बाहेर, सपाट जमिनीवर, वाऱ्याला आडोसा करून मांडायची. आडोसा सिलिंडरभोवती गुंडाळायचा नाही, कारण त्याने सिलिंडर तापतो. सिलिंडर उभाच ठेवायचा. आडवा केला तर द्रवरूप गॅस नळीत येऊन ज्योत भडकते. गाडी चालू होण्यापूर्वी रेग्युलेटर काढून झडपेवर टोपण बसवायचे. नळी आयएसआय चिन्हाची घ्यायची आणि पाच वर्षांनी बदलायची. थंडीत ऊब मिळावी म्हणून गाडीत बर्नर पेटवून झोपायचे नाही. एक किलो गॅस जळायला सुमारे बारा-तेरा घनमीटर हवा लागते आणि मोठ्या गाडीत साधारण तेवढीच हवा मावते. गळती आटोक्यात येत नसेल तर दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवायचे. कोणाला गाडीत कायमचे स्वयंपाकघर बसवायचेच असेल, तर परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी, ज्योत विझताच गॅस आपोआप बंद होईल अशी शेगडी घ्यावी आणि गाडीच्या तळाशी हवा बाहेर जाण्याची वाट ठेवावी.

आणि सूर्यास्तापूर्वी दीड तास तरी थांबायचे. तेवढे जमले नाही, तर त्या दिवशी डब्यातले कोरडे खायचे किंवा त्याग करायचा.

चूल पेटवण्यापूर्वी पाहावे, झाडावे, मग पेटवावे, हे आपल्या घरांत लहानपणापासून सांगतात. त्यात एखादी मुंगी वाचावी एवढाच हेतू आहे, असे मी समजत होते. शहागडच्या त्या संध्याकाळी कळले की त्या पाहण्यात आपली मुलेही वाचतात. आता शेगडी मांडली की माझी मुलगीच प्रथम खाली वाकून वास घेते, बर्नरची टोपी उचलून आत डोकावते, आणि मग आजीकडे पाहून मान हलवते. त्यानंतरच आम्ही काडी ओढतो.