हर्रासीत जीव घाबरतो तेव्हा...

'टेन्शन घेऊ नका!' आपल्याकडे सगळ्यात स्वस्त प्रिस्क्रिप्शन कुठलं, तर हे. बॉस देतो, रूममेट देते, आणि तालुक्याच्या एका दवाखान्यात माझ्या बाबांनाही हेच मिळालं.

बाबा वाशिम जिल्ह्यातले सोयाबीनवाले शेतकरी. तीन वर्षांपूर्वी कारंज्याच्या बाजार समितीत हर्रासी चालू असताना त्यांची छाती धडधडायला लागली. हात गार, दरदरून घाम. मला पुण्यात फोन आला, 'पोरी, जीव घाबरून राह्यला, मी काई वाचत नाही.' ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. म्हणजे झालं काहीच नाही!

पण बाबांनी यार्डात जाणं सोडलं. मग एसटी सोडली, मग लग्नकार्यं. माल अडत्याच्या भरवशावर, भाव मिळेल तो.

अकोल्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी नाव सांगितलं: पॅनिक डिसऑर्डर. मेंदूत एक भोंगा असतो म्हणे. साप दिसला की वाजतो, अॅड्रेनालिन सुटतं, हृदय पळतं. बरोबरच आहे ते. इथे मात्र तो साप नसताना वाजतो. बहुतेकदा दहा मिनिटांत टिपेला पोचतो आणि ओसरतो. पण आपण पळ काढला की मेंदू शिकतो, 'पळालो म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी भोंगा आणखी लवकर. (लिफ्ट टाळून सहा मजले चढणारी आणि त्याला 'फिटनेस' म्हणणारी मंडळी मला माहीत आहेत. नावं घेत नाही!)

कारण एकच नसतं. अनुवंश, स्वभाव, वर्षानुवर्षांचा ताण, कधी चहा-कॉफीचा अतिरेकही. आमच्या आजीचाही जीव असाच घाबरायचा; तिच्यावरून लिंबू उतरवायचे.

'मले काय येड लागलं?' हा बाबांचा पहिला प्रश्न. दुसरा, 'गोळीची सवय लागंन काय?' रोज घ्यायच्या एसएसआरआय गटातल्या गोळीचं व्यसन लागत नाही. मात्र गुण यायला काही आठवडे जातात, आणि बंद करायची तीही डॉक्टरांना विचारून, हळूहळू. सवय लागते ती मेडिकलवरून परस्पर आणलेल्या अल्प्राझोलामसारख्या झटपट गोळ्यांची.

खरी गंमत सीबीटीची. बाबांना चक्क होमवर्क! आधी यार्डाच्या गेटसमोर टपरीवर चहा. धडधडलं तरी उठायचं नाही, ओसरेपर्यंत बसायचं. मग गेटच्या आत. मग हर्रासी नसताना शेडमध्ये. मग हर्रासीत, आधी आईसोबत, नंतर एकटं. आई सोयाबीनच्या कट्ट्यावर बसून स्वेटर विणायची आणि अडते बघत राहायचे. चार महिने लागले, मध्ये दोनदा गाडी मागेही आली. आता बाबा भावावरून भांडतातसुद्धा. गोळी अजून चालू आहे, डोस कमी झालाय.

शासनाने 2015 मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला. त्यात वाशिमही होतं आणि आशाताई घरोघरी विचारपूस करत. पण 'कसं वाटतं?' याला आमच्याकडे एकच उत्तर असतं, 'बरं हाय.'

छातीत पहिल्यांदा दुखलं तर आधी ईसीजीच काढा, तिथे हयगय नको. तो नॉर्मल येऊनही भीती पाठ सोडत नसेल, तर 2022 मध्ये सुरू झालेली टेली-मानस हेल्पलाइन आहे: 14416. फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. बाबांनी हा नंबर गावात दोघांना दिलाय. त्यातल्या एकाने तो 'साडूसाठी पाहिजे' म्हणून लिहून घेतला.