म्हशीला मालक असतो

लेकीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "बाबा, मी ठीक आहे," हे तिचं पहिलं वाक्य. आमच्या घरात वाईट बातमी नेहमी याच वाक्यानं सुरू होते. पौड रस्त्यावर कुत्रं आडवं आलं, तिनं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी दुभाजकावर गेली. अर्धी दाढी तशीच पुसून रिक्षानं पोचलो, तर बाईसाहेब पदपथाच्या कडेला बसून उसाचा रस पीत होत्या. शेजारी गाडी. पुढचा बंपर सुटून लोंबत होता, एक दिवा फुटलेला.

"पोलिसांना कळवलंस? पंचनामा?"

"कसला पंचनामा, बाबा? कुणाला लागलेलं नाही. क्लेम टाकलासुद्धा मी. नंबरही आला." तिनं मोबाइल पुढे केला. गाडीचे चारी बाजूंनी फोटो, लायसन्सचा एक, आर.सी.चा एक. त्याखाली प्रश्न होता, अपघात कशामुळे झाला? उत्तरंही तयार होती. दुसरं वाहन, स्थिर वस्तू, प्राणी, इतर. तिनं 'स्थिर वस्तू'वर बोट ठेवलं होतं.

"अगं, पण कुत्रं?"

"धडक दुभाजकाला बसली ना? कुत्रं कधीच निघून गेलं."

मला एकदम आमचे एजंट काका आठवले. त्यांनीही डोळे मिटून हाच पर्याय निवडला असता.

१९९२ सालचा फेब्रुवारी. आम्ही तेव्हा साताऱ्यात राहायचो. माझे वडील, अण्णा, हायस्कुलात मराठी शिकवत आणि त्यांच्याकडे दुसऱ्या हातानं घेतलेली फिएट होती. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, पण तिला तसं कोणीच म्हणत नसे. गाडी मी चालवत होतो. खंबाटकी घाटात तेव्हा बोगदा नव्हता, जाणारी-येणारी सगळी वाहतूक घाटातूनच. घाट उतरून खंडाळ्याच्या बाजूला येत होतो (हे खंडाळा सातारा जिल्ह्यातलं, लोणावळ्याजवळचं नव्हे) आणि वळणावर, रस्त्याच्या बरोबर मधोमध, एक म्हैस उभी. मी गाडी डावीकडे घेतली ती थेट कठड्यावर. बॉनेट वर उचललं गेलं, रेडिएटरमधून वाफ आणि पाणी, हेडलाइटच्या काचेचा सडा. म्हशीनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि ती शांतपणे घाट उतरून गेली.

पुढचं सगळं माणसांच्या भरवशावर. साताऱ्याकडे जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरला चिठ्ठी दिली, ती त्यानं स्टँडवरच्या एका ओळखीच्या पानवाल्याकडे पोचवली, पानवाल्यानं घरी. एका ट्रकवाल्यानं टोचन लावून गाडी खाली आणली आणि पैसे विचारल्यावर "गुरुजींकडनं कसले पैसे" म्हणाला. तो अण्णांना ओळखत नव्हता. टोपी आणि चष्म्यावरून त्यानं ओळखलं असावं.

ठाण्यात हवालदारांनी सांगितलं, पंच आणा. चहाच्या हॉटेलात दोघं बसलेले होते, एक हॉटेलवाला आणि एक पटका बांधलेले आजोबा. दोघंही लगेच उठून आले. पंचनाम्याची ती भाषा मला अजून पाठ आहे. "सदर म्हैस बेवारस असून घटनास्थळी मिळून आली नाही." हॉटेलवाल्यानं सही केली, आजोबांनी अंगठा दिला. अण्णांनी दोघांना चहा पाजला. हॉटेल त्यातल्या एकाचंच होतं, तरी पैसे अण्णांनीच दिले.

दुसऱ्या दिवशी एजंट काका घरी आले. विमा कंपनीशी आमचा संबंध म्हणजे काका. वर्षातून एकदा येऊन पॉलिसी देत, कॅलेंडर देत, पोहे खाऊन जात. त्यांनी चार पानी क्लेम फॉर्म पुढे ठेवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. अपघात कसा घडला ते थोडक्यात लिहा. चार ठिपक्यांच्या ओळी.

"गुरुजी, इथं कुत्रं लिहा," काका आवाज खाली आणून म्हणाले. "म्हैस लिहू नका. कुत्र्याला कोणी नसतं. म्हशीला मालक असतो."

मुद्दा व्यवहाराचा होता. म्हैस म्हटली की ऑफिस विचारणार, कोणाची? तिला लागलं का? मालकानं तक्रार केली का? तुम्ही परस्पर पैसे देऊन मिटवलं तर नाही ना? प्रत्येक प्रश्नाला एक पत्र, प्रत्येक पत्राला महिना. कुत्र्याची फाइल सरळ चालते.

अण्णा म्हणाले, "मी बत्तीस वर्षं मुलांना निबंध शिकवतोय. म्हशीचं कुत्रं करायचं, तर उद्या वर्गात कोणत्या तोंडानं जाऊ?"

त्यांनी म्हैसच लिहिली. चार ओळी पुरेनात म्हणून 'सोबत पुरवणी जोडली आहे' असं लिहून फुलस्केपची तीन पानं जोडली. पहिल्या वाक्यात विरळ होत गेलेलं धुकं होतं. फॉर्मवर अपघाताचा नकाशा काढायला एक चौकोन असतो, तो त्यांनी शाळेतल्या चित्रकलेच्या सरांकडून काढून घेतला. सरांनी जीव ओतून म्हैस काढली, शिंगांसकट, आणि खाली लिहिलं 'म्हैस (उभी)'. एजंट काकांनी कपाळाला हात लावला.

काकांचं खरं ठरलं. ऑफिसातून तीन पत्रं आली, तिन्ही म्हशीबद्दल.

सर्व्हेअर आले ते पाचव्या दिवशी, बजाज चेतकवर. गळ्यात कॅमेरा. गाडीचे आठ फोटो काढले आणि सांगितलं, प्रिंट जोडल्याशिवाय रिपोर्ट जाणार नाही. पण रोल छत्तिसाचा. तो संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. म्हणजे आमची फाइल पुढे सरकण्यासाठी साताऱ्यात आणखी तीन-चार गाड्या ठोकल्या जाणं आवश्यक होतं. मी रोज पेपर उघडून अपघाताच्या बातम्या आशेनं वाचत असे, हे आज कबूल करतो.

त्या माणसाचं काम बघण्यासारखं होतं. बोलायच्या आधी त्यांनी बॉनेटवरून तळहात फिरवला, वैद्य पोट तपासतो तसा. मग डाव्या मडगार्डपाशी थांबले. "हा पोचा या अपघाताचा नाही. आत गंज धरलाय." गॅरेजच्या मिस्त्रीनं एस्टिमेटमध्ये ते मडगार्ड हळूच घुसवलं होतं. अण्णा ओशाळले, मिस्त्री मात्र अजिबात नाही. त्यानंतर दोघांत जे रंगलं तो त्या काळच्या क्लेमचा गाभा होता. ठोकून की बदलून? "बॉनेट ठोकून निघेल." "नाही निघणार साहेब, पत्रा ताणलाय." "लांबी भरा." "किती भरू? उन्हात तडकेल." अर्धा तास. शेवटी बॉनेट ठोकायचं, रेडिएटर बदलायचा, मडगार्ड बाद, असा तह झाला. मग ते शेडच्या सावलीत उभे राहिले आणि अण्णांची तीन पानं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

सप्टेंबरात चेक आला. गॅरेजचं बिल ६,८४० रुपये, चेक ३,९१५ चा. रबराचा घसारा, पत्र्याचा घसारा, शिवाय सॅल्व्हेज. जुना रेडिएटर ऑफिसात जमा करावा लागला. मी तो पोत्यात घालून सायकलच्या कॅरिअरवरून नेला आणि कारकुनानं त्याची रीतसर पावती दिली. व्हाउचरवर वीस पैशांचा रेव्हेन्यू स्टँप लावून अण्णांनी त्यावर आडवी सही केली. सात महिने! माणूस जखमी झाला असता तर प्रकरण मोटार अपघात न्यायाधिकरणात गेलं असतं, मग ही हसत सांगायची गोष्ट राहिली नसती.

तेव्हा रुसून दुसऱ्या कंपनीकडे जाण्यातही अर्थ नव्हता. १९७३ पासून सामान्य विम्याच्या सरकारी कंपन्या चारच आणि गाडीच्या विम्याचे दर टॅरिफनं बांधलेले. कुठेही जा, भाव तोच. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या आणि २००७ च्या जानेवारीपासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. थर्ड पार्टीचे दर मात्र आजही बांधलेलेच आहेत. आमचे काका त्याच सुमारास निवृत्त झाले. त्यांचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे.

लेकीची गाडी दहाव्या दिवशी घरी आली. कंपनीचा माणूस कोणी आलाच नाही. पन्नास हजारांच्या आतल्या मोटार नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर नेमण्याचं बंधन आता नाही. गॅरेजमधल्या पोरानं व्हिडिओ कॉल लावून मोबाइल गाडीभोवती फिरवला, पलीकडून कोणीतरी "थोडं खाली, थोडं डावीकडे" म्हणालं, आणि मंजुरी आली. बिल झालं ४६,३०० रुपये. तिनं खिशातून भरले १,६४०. त्यात हजार रुपये सक्तीची वजावट, बाकी कूलंट आणि नटबोल्टांसारख्या किरकोळ वस्तूंचे. मधले दोन दिवस हेडलॅम्प आला नाही म्हणून गेले. त्या दोन दिवसांत तिनं मदतीच्या चॅटवर कोणा यंत्राशी इतका वाद घातला, की तिच्या आजोबांची आठवण यावी.

बिलाचा आकडा पाहून मी हबकलो, कारण मला तरी गाडी तेवढी लागलेली दिसत नव्हती. गॅरेजमध्ये विचारलं, "बंपर ठोकून नाही का होणार?" पोरगं माझ्याकडे दयेनं बघायला लागलं. बंपर प्लॅस्टिकचा. आमच्या फिएटचा बंपर लोखंडी होता, ठोकून पुन्हा क्रोमचा मुलामा चढवता यायचा. आता बंपर फुटला की बदलायचा, त्यातले सेन्सरही बदलायचे. आणि विम्याच्या नियमात प्लॅस्टिकला, रबराला, बॅटरीला सरसकट निम्मा घसारा. पत्र्याचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो, काचेला घसारा नाही. गाड्यांत पत्रा कमी आणि प्लॅस्टिक जास्त होत गेलं तसा हा निम्मा हिस्सा मालकांना जड व्हायला लागला, म्हणून लोक थोडा जास्त हप्ता भरून झिरो डेप घेतात. लेकीनं ते घेतलं नसतं तर तिचा आकडा १,६४० वर थांबला नसता. तेव्हाचा वाद ठोकून की बदलून असा होता. आता ठोकायला काही उरलंच नाही, त्यामुळे वादही नाही आणि बॉनेटवर तळहात ठेवणारा माणूसही नाही.

अण्णांनी आयुष्यात न केलेला एक हिशेब मात्र ही पिढी चटकन करते, क्लेम करायचा की नाही. गेल्या वर्षी पार्किंगमध्ये दाराला ओरखडा आला, तर लेकीनं सात हजार खिशातून भरले. का, तर नो क्लेम बोनस. बिनक्लेमचं वर्ष गेलं की नुकसानीच्या हप्त्यात वीस टक्के सूट, पुढे पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि शेवटी पन्नास. एक क्लेम केला की पाटी कोरी. आम्ही हप्ता भरलाय म्हणजे क्लेम आमचा हक्क, या समजुतीवर वाढलो. मी तिच्या हिशेबाच्या बाजूनं आहे. छोट्या ओरखड्यासाठी क्लेम टाकणाऱ्याला हप्त्यात परत ते पैसे भरावेच लागतात.

सात महिने परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. सायकलवरून रेडिएटर नेण्यात काही रम्य नव्हतं, ऑक्टोबरपर्यंत खांदा दुखत होता. पण कसं घडलं, हे विचारणारं कोणीतरी हवं होतं, असं वाटतं. आणि हा नुसता हळवेपणा नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत हजारो गाड्या पाण्यात बंद पडल्या. अनेकांनी घाबरून पुन्हा चावी फिरवली, इंजिनानं पाणी ओढलं, आणि हे नुकसान पुराचं की चावी फिरवणाऱ्याचं, यावर कंपन्यांशी वाद झाले. तिथे फोटो काय सांगणार? जे घडलं ते सांगावंच लागतं. म्हणून लेकीला एवढंच म्हटलं, पर्याय चारच असले तरी 'इतर' उघडून दोन ओळी लिहून ठेवत जा.

त्या रात्री मी अण्णांची फाइल काढली. पंचनामा, तीन पानांची कार्बन कॉपी, चित्रकलेच्या सरांची म्हैस. लेक म्हशीवर खूप हसली, त्या चित्राचा फोटो काढून तिनं मैत्रिणींना पाठवला. मग पंचनाम्यातला अंगठा बघून विचारलं, हे कोण?

रेडिएटरची पावती घेऊन मी ऑफिसातून बाहेर पडत होतो तेव्हा सर्व्हेअर जिन्यात भेटले होते. मध्ये एकदा खंडाळ्याला त्याच हॉटेलात चहाला थांबलो होतो, म्हणाले. रिपोर्टमध्ये लिहिलं नाही, पण गुरुजींना सांगा.

पटकेवाल्या आजोबांचीच होती ती म्हैस.