दोन डोळे, दोन काळे

काळं कापड निवडायला काय लागतं, असं ज्याला वाटतं त्याने दोन काळी कापडं उन्हात शेजारी धरून पाहिलेली नसतात. मंगलदास मार्केटात जाऊन काळं सॅटिन मागा. दुकानदार ताग्यामागून तागा उलगडत जाईल आणि दर वेळी म्हणेल, काळाच आहे हो बाई, काळ्यात काय बघायचं? एक निळसर मारतो, एक तांबूस, एक हिरवट. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते सख्खे भाऊ असतात आणि रस्त्यावर आणले की एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

वेशभूषेच्या धंद्यात माझं नाव झालं ते या काळ्यावर. माझ्या माघारी मला ‘काळेबाई’ म्हणतात. आडनाव काळे नाही, रंगही तसा उजळच. ऐकू आलं की मी ऐकू न आल्यासारखं करते आणि दिवसभर खुशीत असते. इतरांच्या नायिका चमकायच्या, माझ्या दिसायच्या, असं मी मुलाखतीत एकदा म्हटलं होतं. ते वाक्य छापून आलं तेव्हा कात्रण काढून ठेवलं.

गेल्या पावसाळ्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. ते काढून नवं बसवलं की अडलेला निळा एकदम आत येतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. चित्रकार मोनेच्याही उजव्याच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, १९२३ साली, आणि नंतर सगळं निळं दिसतं म्हणून त्याने रंगीत काचांचे चष्मे लावले. ही गोष्ट मी त्या दिवसांत भेटेल त्याला सांगितली. मोनेच्या शेजारी बसायला कुणाला आवडणार नाही? पण घरी येऊन कापडाच्या चिंध्यांचा डबा उघडला तेव्हा मजा संपली. तीच चिंधी, उजव्या डोळ्याने पाहिली तर थंड, जवळजवळ शाईकडे झुकलेली. डाव्याने पाहिली तर उबदार, तपकिरी तळ असलेली. एक डोळा झाकायचा, दुसरा उघडायचा, पुन्हा उलट. इतकी वर्षं मी ज्याला खरा काळा म्हणत आले तो कापडाचा होता की माझ्या पिवळ्या पडत चाललेल्या भिंगाचा? आणि प्रेक्षागृहात बसलेल्या चाळिशीच्या माणसाला यातला कुठला दिसतो?

याच सुमारास एक नाटक आलं. १९६०च्या आसपासची मुंबई, चर्चगेटजवळचं रेस्टॉरंट, गोव्याचे वादक, आणि बँडसमोर गाणारी गोव्याचीच एक मुलगी. दिग्दर्शक फोनवर म्हणाले, ‘ताई, तो ऑड्री हेपबर्नचा काळा कॉकटेल ड्रेस हवा.’ हे मला प्रत्येक जण म्हणतो. ‘ब्रेकफास्ट अॅट टिफनीज’च्या सुरुवातीला ती दागिन्यांच्या दुकानासमोर उभी राहते तो जिव्हाँशीचा झगा पायघोळ आहे. तो रात्रीच्या मेजवानीचा पोशाख; कॉकटेल ड्रेस म्हणजे संध्याकाळी सहा ते आठचा, गुडघ्याच्या खाली संपणारा. त्याच चित्रपटात आखूड काळाही आहे, मोठ्या हॅटबरोबरचा, पण तो कुणी मागत नाही. त्या पायघोळ झग्याची एक प्रत २००६ साली लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात चार लाख सदुसष्ट हजार पौंडांच्या वर गेली आणि पैसे लेखक दोमिनिक लापिएरच्या कोलकात्यातल्या सेवाकार्याला मिळाले. हे सांगितलं की दिग्दर्शक गप्प बसतात. माहिती असण्याचा एवढा तरी उपयोग.

खरी अडचण संहितेत होती. पहिल्या प्रवेशात ही मुलगी बापाच्या दफनविधीहून येते. दुसऱ्या प्रवेशात त्याच रात्री, त्याच ड्रेसमध्ये ती गाते, कारण सुट्टी घेतली तर नोकरी जाईल. कपडे बदलायला वेळ नाही, आणि नाटककाराला तिने बदलूही नयेत असंच वाटतं. म्हणजे एकाच काळ्याने दुखवटाही पाळायचा आणि मैफलही.

आपण मराठी माणसं काळा नेसतो ती संक्रांतीची चंद्रकळा. एरवी मंगल कार्यात तो चालत नाही, पण मरणालाही आपण तो नेसत नाही. गोव्याच्या ख्रिस्ती घरात मात्र काळा म्हणजे दुखवटा. युरोपातही तसंच होतं. १९२६ साली अमेरिकन ‘व्होग’ने शानेलच्या साध्या काळ्या ड्रेसचं रेखाचित्र छापून त्याला फोर्ड गाडीची उपमा दिली, त्याच्या आधी काळा हा मुख्यतः विधवांचा आणि दुकानात काम करणाऱ्या मुलींचा रंग होता. पहिल्या महायुद्धाने घरोघर काळे कपडे आणले होते. शानेलने त्यातलं रडणं काढून टाकलं. काढलं कसं, हे शिवणाऱ्याला विचारा. सुतकाच्या काळ्याला चमक चालत नसे. व्हिक्टोरियाच्या काळात शोकासाठी जे क्रेप वापरत ते मुद्दाम निस्तेज, सुरकुतलेलं, प्रकाश गिळणारं असे. कॉकटेलच्या काळ्याला मात्र कुठेतरी एक धार लकाकावी लागते. गळ्याशी, कमरेशी, फितीवर, कुठेही. सगळा फरक तेवढाच.

तेव्हा आराखडा लगेच सुचला: आत सॅटिनची चोळी, घोट्याच्या बऱ्याच वर थांबणारा घेर, आणि वरून बिनचमकीच्या क्रेपचा आखूड बोलेरो जाकीट. त्या काळात असे जोड फार निघत. दफनाहून येताना बोलेरो अंगावर, गाताना खुर्चीच्या पाठीवर. गाणं सुरू होण्याआधी ती तो काढते एवढंच. सुचणं सोपं होतं. पण सॅटिन आणि क्रेप हे दोन वेगळ्या ताग्यांतले काळे, आणि ते एकाच ड्रेसचे वाटले पाहिजेत. दुकानात जुळले ते नाट्यगृहात फुटले. पिवळट हॅलोजनखाली क्रेप तांबूस झालं, एलईडीखाली सॅटिन निळं. रंगाऱ्याकडे दोन्ही पुन्हा बुडवून आणली. क्रेपने रंग प्यायला, सॅटिन पॉलिस्टर निघालं, त्याने हंड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्रत्येक फेरीत मी उजवा डोळा झाकून पाही, मग डावा झाकून. जुळणी डाव्याला पटली की उजवा नाही म्हणे. मास्टरजी कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं डोळ्यात काहीतरी गेलंय.

आता थोडं इतरांबद्दल, कारण माझा राग कुठेतरी निघायला हवा. हल्ली ‘जुन्या काळचा ग्लॅमर लुक’ म्हणून जे विकलं जातं ते असं: बाजारातून आणलेला ताणला जाणारा काळा ड्रेस, खोटे मोती, कोपरापर्यंतचे हातमोजे, लांब सिगारेट होल्डर, डोक्यात पीस. हे सगळं एकाच बाईवर, एकाच वेळी. मुलांच्या स्नेहसंमेलनात ठीक आहे. लायक्रा शोधलाच गेला १९५८ साली. पन्नासच्या दशकातल्या बाईचा ड्रेस ताणला जात नव्हता, ती ड्रेसात बसत होती. १९४६च्या ‘गिल्डा’त रीटा हेवर्थ ज्या काळ्या सॅटिनमध्ये हात उंचावून नाचते, त्याला खांद्यावर पट्टीसुद्धा नाही. तो पडत नाही कारण वेशभूषाकार जाँ लुईने आत अख्खा सांगाडा बांधलाय. ड्रेस आतून बाहेर शिवतात. दिऑरने १९४७ साली जी कंबर आणली ती कापडात नव्हती, आतल्या पट्ट्यात होती. तो पट्टा, बोनिंग, डाव्या कुशीतली धातूची चेन, हे माझ्या प्रत्येक ड्रेसात असतं आणि कुणालाही दिसत नाही. नटीला श्वास घेताना कळतं. एकीने मला ‘ताई, हा ड्रेस मला उभं करतो’ असं सांगितलं होतं. त्याचंही कात्रण असतं तर ठेवलं असतं.

हातमोजे मी देतच नाही. गाणारीने माइक धरायचा असतो.

आपल्याकडे हे काम ज्यांनी खरं केलं त्या भानू अथय्या, कोल्हापूरच्या. ऑस्कर मिळाल्यावर लोकांना त्या कळल्या, पण १९५५च्या ‘श्री ४२०’मधला नादिराचा तो अंगालगतचा झगा पाहा. चित्रपट कृष्णधवल, तेव्हा त्या झग्याचा खरा रंग पडद्यावरून कळत नाही, आणि कळायची गरजही पडत नाही. कृष्णधवलात निखळ काळा कॅमेऱ्यापुढे एक भोक होऊन बसतो. तिथे हवा असतो पोत, प्रकाशाची कड. त्या काळातल्या वेशभूषाकारांना हे शिकवावं लागत नसे. गंमत म्हणजे तेव्हा मुंबईत दारूबंदी होती. १९४९च्या कायद्यानंतर परमिटाशिवाय पिण्याची सोय नव्हती, आणि पडद्यावर मात्र खलनायिका पेला हातात घेऊन कॉकटेल ड्रेसात फिरत होत्या. कॉकटेलशिवायचे कॉकटेल ड्रेस.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं. एका वेब मालिकेसाठी मी काळं जॉर्जेट निवडलं होतं. मॉनिटरवर ते चक्क मरून. सिंथेटिक कापडावरचे काही काळे रंग अवरक्त प्रकाश परत फेकतात. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसतो. कॅमेरावाल्यांनी वेगळा फिल्टर लावला आणि काळं काळं झालं. म्हणजे तिसरा डोळाही आहे, आणि त्याचं मत माझ्या दोन्ही डोळ्यांहून निराळं.

तर नाटक. माझी मदतनीस इचलकरंजीची आहे, घरात यंत्रमाग. कापड हातात आलं की आधी एक धागा ओढून जाळते, राख चिमटीत चुरडते, मग बोलते. तिने दोन-तीन दिवस माझा डोळे झाकण्याचा खेळ पाहिला आणि म्हणाली, ‘ताई, दोन तागे कशाला? क्रेप-बॅक सॅटिन घेऊ. चोळीला सुलटं, बोलेरोला उलटं. कापड तेच, रंग तोच.’

ही युक्ती मला माहीत नव्हती असं नाही. या धंद्यातल्या कुणाला माहीत नाही? एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने मंद असं ते कापड. जुन्या शिवणकामात दोन्ही बाजू खेळवून नक्षी करत. पण आमच्या बरोबरीच्या एक बाई आहेत, त्यांच्या नावावर ही युक्ती जमा आहे. उलट-सुलट म्हटलं की लोक त्यांचंच नाव घेतात. म्हणून मी ते कापड कधी हातात धरलं नाही. कारण विचाराल तर एवढंच. त्या बाई बाजारात मिळणारं पॉलिस्टरचं वापरतात, असं म्हणत मी वर नाक मुरडत आले.

माझ्या मदतनीस मुलीने पॉलिस्टर आणलंच नाही. कुणाच्या तरी ओळखीने रेयॉनचं कोरं कापड मिळवलं, रंगाऱ्याकडे एकाच हंड्यात उतरवलं, स्वतः उभी राहून. त्या काळातही असे ड्रेस रेयॉनचे सर्रास होत, तेव्हा माझ्या हट्टालाही जागा राहिली. मी चिंधी उजव्या डोळ्याने पाहिली, निळसर. डाव्याने पाहिली, तपकिरी. पण सुलटी आणि उलटी बाजू कुठल्याही एका डोळ्याला परस्परांची परकी वाटली नाही. दुसरा डोळा मग मी उघडाच ठेवला.

शिवताना मला एवढंच करता आलं: दिवा जवळ ओढून मास्टरजींच्या डोक्यावर उभं राहणं. काळ्यावर काळा दोरा आता मला दिसत नाही. पूर्वी मी बोटानेच टाका मोजत असे, आता बोटही खात्री देत नाही. कच्चे टाके पांढऱ्या दोऱ्याने घातले होते, ते उसवताना राहिलेला एक तंतू मुलीने टिपला. मला पुढच्या आठवड्यात डाव्या डोळ्याची तारीख ठरवायची होती. ती पुढे ढकलली. डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळे सारखे होतील, मग गोंधळ संपेल. ते मला कळतं. पण माझी सगळी कारकीर्द त्या पिवळ्या भिंगातून झाली आहे, आणि ते अजून माझ्याकडे एक उरलंय.

पहिल्या प्रयोगात मागचा काळा पडदा आणि काळा ड्रेस मिळून नटीचं नुसतं तोंड आणि हात तरंगतील ही भीती होती. प्रकाशयोजनाकाराशी भांडून मागून एक दिवा मिळवला. बोलेरोवर तो पडला तरी काही उठलं नाही, आणि तिने बोलेरो काढला तेव्हा खांद्यापासून कमरेपर्यंत एक रेघ उजळली. पुढच्या रांगेतून कुणीतरी श्वास घेतल्याचं मी ऐकलं, किंवा ऐकायचं ठरवूनच उभी होते. गळ्यावर रंगभूषेची पावडर सांडली होती, मध्यंतरात ती नायलॉनच्या मोज्याने पुसून काढली.

प्रयोगानंतर आत गर्दी झाली. त्या बाईही आल्या होत्या. खुर्चीवरचा बोलेरो त्यांनी उचलला, कड उलटवली, बोटांत चुरगळली. मुलगी माझ्या शेजारी पिना डबीत भरत होती.

‘उलटं लावलंस,’ त्या म्हणाल्या.

‘हो,’ मी म्हटलं. ‘पण रेयॉन आहे. तुमचं पॉलिस्टर असतं.’