पाटीवरचा नंबर

आमच्या घरी दिवाळीची पहिली चाहूल लागते ती आकाशकंदिलाने नव्हे, तर माझी पत्नी आणि चकली यांच्या भांडणाने. गेली पन्नास वर्षे ती चकल्या करते आहे आणि गेली पन्नास वर्षे तिचा पहिला घाणा बिघडतो आहे. पूर्वी याचा दोष भाजणीकडे, गिरणीवाल्याकडे आणि शेवटी माझ्याकडे येत असे. अलीकडे तो इंटरनेटकडे जातो. यंदा तिने मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि कोणा सुगरणीचा व्हिडिओ लावला. मोहन किती घालायचे ते ती बाई आता सांगणार, एवढ्यात चित्र थबकले आणि त्याच्या मधोमध एक चक्र गरगर फिरू लागले. बाहेरच्या खोलीत नातीच्या मोबाइलवर मात्र क्रिकेटचा सामना अखंड चालू होता.

"क्रिकेटला रस्ता मोकळा, आणि माझ्याच चकलीला कशी गं अडवणूक?" आतून गर्जना झाली.

नात पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. ती म्हणाली, "आजी, कुणी अडवत नाही गं. आपल्याकडे नेट न्यूट्रॅलिटी आहे."

"ती आणखी कोण?"

मग नातीने ओट्यापाशी उभे राहून आजीला सांगितले, की इंटरनेटची तार ज्याच्या मालकीची असेल, त्याने तारेतून काय चालले आहे ते पाहून कोणाला पुढे आणि कोणाला मागे करायचे नाही. चकली असो की क्रिकेट, वागणूक एकच. टिम वू नावाच्या एका अमेरिकन कायदेपंडिताने २००३ साली या तत्त्वाला हे नाव दिले म्हणे. आजीला ते कितपत पटले कोण जाणे. मला मात्र ते चटकन समजले. कारण एके काळी तो तारेवरचा माणूस मीच होतो.

१९७१ साली मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरीस लागलो. नगर जिल्ह्यातलेच एक तालुक्याचे गाव. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, माझ्या जिभेवरचे नगर अजून हलायला तयार नाही.) गावाचे नाव सांगत नाही, कारण जी गोष्ट सांगणार आहे तिच्यातली चूक गावाची नाही, माझी आहे.

एका लहानशा खोलीत भिंतीशी लाकडी बोर्ड होता. गावात कोणी आपल्या फोनचा दांडा फिरवला, की बोर्डावर त्याच्या नंबराचे झाकण खटकन पडे. मी त्या भोकात प्लग खुपसून "नंबर?" असे विचारी आणि दुसरा प्लग हव्या त्या भोकात घाली. गावातल्या गावात बोलणे असे सोपे होते. बाहेरगावी जाणारी ट्रंक लाइन मात्र एकच. पुणे असो, मुंबई असो, सगळ्यांनी त्या एका तारेतून नगर गाठायचे आणि मग पुढे जायचे. कॉल तीन जातींचे असत: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला साध्याच्या दुप्पट पैसे पडत, लाइटनिंगला त्याहूनही पुष्कळ जास्त. पण एका जातीत एकदा नोंद झाली, की जो आधी त्याचा नंबर आधी. निदान पुस्तकात तसे लिहिले होते.

गावात कांद्याचे एक मोठे व्यापारी होते. मुंबईच्या कांदा-बटाटा बाजारातला भाव त्यांना सकाळ-संध्याकाळ लागे. माणूस हिशेबी. कॉल कायम साधा नोंदवीत. तो मिळे मात्र अर्जंटच्या वेगाने. याचे कारण दर दिवाळीला आमच्या घरी येणारा पेढ्यांचा डबा. त्यांनी तोंडाने कधी काही मागितले नाही आणि मीही कधी काही कबूल केले नाही. जे काय बोलायचे ते डबाच बोले.

१९७४ सालच्या दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले होते. दुपारी चारच्या सुमारास मळ्यातली एक बाई धापा टाकीत आली. तिचा नवरा मुंबईला त्याच कांदा-बटाटा बाजारात हमाली करीत असे. तिथल्या एका पेढीचा नंबर तिने पदराच्या गाठीतून काढून दिला.

"भाऊ, आत्याबाईंचं काई खरं नाही. सारख्या लेकाचं नाव घेत्यात. तेवढं त्यांना सांगायचंय, रातच्या गाडीनं निघा म्हणून."

तिच्यापाशी साध्या कॉलपुरते पैसे होते. मी नोंद केली आणि ती बाहेर बाकावर बसली. पाच वाजता व्यापाऱ्यांचा कॉल नोंदला गेला. नगरने मुंबईची लाइन दिली तेव्हा मी तिच्यावर आधी व्यापाऱ्यांना जोडले. त्यांचे बोलणे लांबले. थोड्या वेळाने त्यांना पुन्हा काही विचारायचे होते. मी पुन्हा त्यांनाच जोडले. बाईने मध्येच दारातून डोकावून विचारले, "लागला का ओ?" मी म्हणालो, "लाइन बिझी आहे." ते खोटेही नव्हते. लाइन मीच बिझी केली होती.

तिचा कॉल लागला तेव्हा सव्वासात वाजून गेले होते. पेढी बंद झाली होती. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि इकडे बाई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप पोचला. नवरा निघाला आणि रात्री गावी आला. म्हातारी त्या दिवशी पहाटेच गेली होती.

रात्रीची गाडी त्याला मिळाली असती का? ती वेळेवर पोचली असती का? कोण सांगणार! पन्नास वर्षे मी हा हिशेब मांडतो आहे आणि तो सुटत नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ती बाई कचेरीत आली. आता ही काय बोलते, या धास्तीने मी बोर्डाकडे तोंड करून उगाच प्लग चाचपू लागलो. तिने टेबलावर एक फडके ठेवले. त्यात भुईमुगाच्या शेंगा होत्या. म्हणाली, "आमच्यात यंदा दिवाळी नाही, भाऊ. फराळाचं काई केलं नाही. पण त्या दिवशी माझ्यापायी तुम्ही केवढी खटपट केली. पोरांना द्या."

मागच्या फळीवर पेढ्यांचा डबा होता.

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी चार दिवसांत विसरलो असतो. तिने माझे आभार मानले! आपला नंबर मागे टाकला गेला, हे तिला कळलेच नव्हते. कळणार तरी कसे? रेशनच्या रांगेत कोणी पुढे घुसला तर दिसतो, त्याची गचांडी धरता येते. तारेवरची रांग डोळ्यांना दिसत नाही. तिथे मागे पडलेला माणूस नशिबाला दोष देतो, लाइनीला देतो आणि मागे टाकणाऱ्याला शेंगा आणून देतो.

दिवाळी झाल्यावर मी मुलाची जुनी पाटी खोलीबाहेर खिळ्याला टांगली. प्रत्येक ट्रंक कॉल कोणाचा, किती वाजता नोंदवला आणि कोणत्या जातीचा, ते खडूने तिच्यावर लिहू लागलो. बाकावर बसलेले लोक ती वाचीत. ज्यांना वाचता येत नसे ते शेजाऱ्याकडून वाचून घेत. व्यापाऱ्यांनी पाटी एकदा निरखून पाहिली आणि पुढच्या दिवाळीला डबा आला नाही. पण खरे सांगायचे, तर त्या पाटीने त्यांना आवरले नाही. तिने मला आवरले.

पुढे वाचनात आले, की तारेवरच्या माणसाचा हा रोग जुनाच आहे. अमेरिकेत १८६० साली देशाच्या आरपार तारयंत्राची लाइन टाकण्याचा कायदा झाला, तेव्हाच त्यात लिहून ठेवले होते, की सरकारी तारा सोडल्या तर बाकी सर्व तारा आल्या त्या क्रमाने, पक्षपात न करता पाठवाव्यात. कॅन्सस सिटीच्या स्ट्रोजर नावाच्या गृहस्थाची कथा तर याहून मजेची. त्याचा धंदा प्रेतसंस्कारांचा. आख्यायिका अशी, की गावातली टेलिफोनवाली बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि कोणी मेले, की फोन आपल्या नवऱ्याकडेच जोडीत असे. स्ट्रोजरने चिडून ऑपरेटरशिवाय चालणारे एक्स्चेंज शोधून काढले आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळवले. माझी जात नाहीशी करणारे ते यंत्र माझ्याच जातीच्या लबाडीतून जन्मले, हे वाचून मला मुळीच वाईट वाटले नाही.

मला वाटले होते, यंत्र आले म्हणजे प्रश्न मिटला. तो मिटला नव्हता. २०१५ च्या फेब्रुवारीत आपल्या महाराष्ट्रासह काही भागांत फेसबुकने एका मोबाइल कंपनीच्या साथीने फुकट इंटरनेट सुरू केले. फुकट म्हणजे त्यांच्या यादीतल्या तीस-चाळीस साइट तेवढ्या फुकट. पुढे त्यालाच 'फ्री बेसिक्स' हे नाव मिळाले. एप्रिलमध्ये दुसऱ्या एका कंपनीने वेगळी योजना आणली: ज्या दुकानदाराला परवडेल त्याने गिऱ्हाइकाच्या वतीने तारेचे पैसे भरावेत. त्याच सुमारास दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, लोकांची मते मागवली आणि दहा लाखांहून अधिक ई-मेल तिकडे जाऊन पडले. त्यांतला एक माझा होता. पुतण्याने मला संगणकापुढे बसवून इंग्रजी मजकूर तयार करून दिला. मी खाली दोन ओळी मराठीत जोडल्या. त्या बाकावरच्या बाईबद्दल होत्या. कोणी वाचल्या असतील असे नाही.

त्या वर्षाच्या डिसेंबरात झुकेरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला होता. फुकट इंटरनेटवर त्याला हवामान कळले, बाजारभाव कळले, त्याचे भले झाले. यात कोणाचे काय बिघडले, असा त्यांचा सवाल होता. सवाल खोटा नव्हता. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे, हे आम्हा दुष्काळी मुलखातल्यांना कोणी शिकवायला नको. पण मला पेढ्यांचा डबा आठवला. यादीत कोण असावे याच्या अटी तार धरणारा ठरवणार. आणि जो यादीत नाही तो जगातच नाही, असे त्या शेतकऱ्याला वाटणार. आपल्याला काय दिसले नाही, हे त्याला कधी कळणारच नाही.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने निकाल दिला: तारेतून काय जाते हे पाहून वेगवेगळा दर लावायचा नाही. मोडेल त्याला दिवसाला ५० हजार रुपये दंड, कमाल ५० लाख. आपत्काळापुरती सवलत. जुलै २०१८ मध्ये सरकारने एक पाऊल पुढे टाकून अडवणे, मंदावणे आणि पैसे घेऊन पुढे काढणे यांविरुद्धच्या शिफारशी मान्य केल्या; काही खास सेवांपुरता अपवाद ठेवला. मी मनात म्हटले, पाटी टांगली गेली!

हे सगळे मी नातीला सांगितले. तिने ते शांतपणे ऐकले आणि मग इंजिनिअरला शोभेल असा प्रश्न टाकला.

"पण आजोबा, अर्जंट आणि लाइटनिंग कॉल तुम्हीच लावत होता ना? तेही पैसे घेऊन पुढे काढणंच झालं की! आणि तार टाकायला पैसे लागतात. मोठमोठ्या व्हिडिओ कंपन्या एवढी गर्दी करतात, तर त्यांनी खर्चात वाटा द्यावा असं मोबाइल कंपन्या म्हणतात. त्यात चूक काय?"

मला गप्प बसावे लागले. अर्जंटचा दर निदान भिंतीवर लिहिलेला होता आणि तो सर्वांना एकच होता, हे मी सांगितले. पण त्या बाईपाशी अर्जंटचे पैसे नव्हते, हेही मीच तिला सांगितले होते. आणि पाटी लावली म्हणून आमच्या गावी दुसरी ट्रंक लाइन आली नाही. अकोल्याच्या डोंगरात ज्या वाडीवर सिग्नलच पोचत नाही, तिथे सर्वांना सारखी वागणूक म्हणजे सर्वांना सारखे काहीच नाही. अमेरिकेत तर हे नियम २०१५ साली झाले, २०१७ ला मोडले, २०२४ ला पुन्हा झाले आणि २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने ते पुन्हा उडवले. मोठमोठ्यांची ही तऱ्हा, तिथे माझ्यासारख्या निवृत्त ऑपरेटरने सर्व प्रश्नांची उत्तरे देण्याचा आव कशाला आणावा?

पण एक गोष्ट मला ठाऊक आहे आणि ती मी माझ्या वडिलांकडून शिकलो. आमची जमीन प्रवरेच्या पाटाच्या अगदी शेपटाला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, पाट वाहू लागले. पण टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचेल तेव्हा खरे. आवर्तन सुटले की वडील बांधावर बसून वाट पाहत. पाणी आले नाही, की पाटकरी सांगे, "धरणातूनच कमी सुटलंय." असेल! धरणातून कमी सुटले असेल, किंवा वर कोणी रात्री दार उघडले असेल. शेवटच्या शेतात उभे राहून दोन्ही सारखेच दिसते: कोरडी चारी. म्हणून वडील कंदील घेत आणि पाटाच्या कडेकडेने रात्री वर चालत जात. कधी दार उघडे सापडे, कधी सापडत नसे. सापडले नाही, की ते मुकाट्याने परत येत आणि पाटकऱ्याशी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे बोलत. पाणी कमी असणे माणूस सोसतो. ते का कमी आहे हे कळू न देणे, याला मात्र तोड नाही.

"म्हणजे पाटी आणि कंदील," नात म्हणाली.

"एवढंच. वर काय चाललंय ते लिहिलेलं असावं, आणि कुणालाही जाऊन बघता यावं."

एवढ्यात आतून पुन्हा गर्जना झाली. चक्र अजून फिरत होते आणि तेलातून धूर निघू लागला होता. नात उठली. आजीचा मोबाइल हातात घेऊन ती स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून बाहेरच्या खोलीत, एकेक पाऊल थांबत, पडद्याकडे पाहत चालली. अंधारात मोबाइलचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. मला वडिलांचा कंदील आठवला.

"सापडलं!" ती ओरडली. "आजी, कंपनीचा काही दोष नाही. तुझी स्वयंपाकघराची भिंत दीड हात जाड आहे. वायफाय पोचतच नाही तिथं."

भिंत माझ्या आजोबांनी बांधलेली. म्हणजे दोष शेवटी माझ्याकडेच आला! पण पत्नीचा चेहरा निवळला. चकलीशी कोणाचे वैर नव्हते, हे तिला आता कळले होते. दुसरा घाणा उत्तम उतरला.