पिवळं प्रश्नचिन्ह

खामगावात डिजिटल सहीची टोकनं काढून देणं हा माझा धंदा. ठेकेदाराला ई-निविदा भरायची असते, सीएला रिटर्न. पॅन, आधार, मोबाइलवर व्हिडिओ, की टोकन हातात. पण माझा वेळ खातं ते एक पिवळं प्रश्नचिन्ह. ऑनलाइन काढलेला दाखला अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडला, की सहीवर ते दिसतं आणि समोरचा विचारतो, “भाऊ, हा डुप्लिकेट हाये का?”

नसतो. सहीची साखळी दिल्लीच्या सीसीएच्या (कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज) रूटपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते आणि आयटी कायदा, 2000 नुसार ती वैध असते. अ‍ॅक्रोबॅट मात्र त्या रूटला आपोआप ओळखत नाही.

रूट बनवणं सोपं आहे. ओपनएसएसएलच्या दोन-चार कमांडमध्ये माझ्या दुकानातही होईल. अवघड आहे तो विश्वास. चांदीचंच बघा, आमच्या गावची चांदी नावाजलेली. शिक्का कोणीही ठोकेल, पण परगावच्या सराफानं तो बघून न घासता माल घ्यावा, ही खरी कमाई. वेबसाइटच्या प्रमाणपत्रांसाठी एखादं रूट आपल्या यादीत घेताना ब्राउझरवाले तेच तपासतात: दरवर्षी त्रयस्थाकडून ऑडिट, चावी कुठे ठेवली, चुकीचं प्रमाणपत्र गेलं तर किती लवकर रद्द केलं.

2014 मध्ये सीसीएच्या साखळीतल्या एनआयसीकडून (नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर) गूगलच्या डोमेनची प्रमाणपत्रं निघाली, गूगलनं न मागता. गूगलनं 2 जुलैला पकडलं, दुसऱ्याच दिवशी सीसीएनं एनआयसीची मधली प्रमाणपत्रं रद्द केली. तरीही क्रोमनं भारताचं रूट gov.in, nic.in अशा मोजक्या डोमेनपुरतं बांधून टाकलं. फायरफॉक्सच्या यादीत तर ते नव्हतंच. आमच्या धंद्यातल्या काहींना हा देशाचा अपमान वाटतो. मला नाही वाटत. दुसऱ्याच्या नावाचा शिक्का आपल्या टांकसाळीतून बाहेर पडला होता.

बंगळूरच्या ईमुद्रानं दुसरी वाट धरली. सरकारी रूटवर न विसंबता 2018 मध्ये ‘एमसाइन’ हे वेगळं रूट काढलं आणि फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या छाननीतून पार केलं. ही वाट लांबची असते. वेबसाइटना मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टनं 2015 मध्ये पहिलं प्रमाणपत्र दिलं, पण ब्राउझरांनी तिची प्रमाणपत्रं मानली ती आधीपासून यादीत असलेल्या आयडेनट्रस्टच्या सहीच्या आधारानं. स्वतःचं रूट सगळ्या मोठ्या याद्यांत यायला 2018 उजाडलं. केंद्र सरकारच्या 2023 च्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत सीसीएचं रूट हवंच, अशी अट होती. ठीक आहे, पण क्रोम वापरणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

तेव्हा दाखल्यावर प्रश्नचिन्ह दिसलं तर कागद फेकू नका, आणि ‘अ‍ॅड टू ट्रस्टेड’ही लगेच दाबू नका. रूट सीसीएच्या संकेतस्थळावरूनच उतरवा आणि मग सही तपासा. नुसत्या नावावर जाऊ नका. ‘सीसीए इंडिया’ नावाचं रूट मीही बनवू शकतो.